फेरे चाकाचे, आकडे काट्याचे

लखनौच्या चारबाग स्टेशनात आज सकाळी आलेले रेल्वे इंजिन गेल्या वर्षी होते तेवढे उंच राहिलेले नसते. फरक मिलिमीटरांचा असतो, पण असतो. रुळावर घासून चाक झिजते, मधूनमधून ते लेथवर चढवून त्याचा आकार पुन्हा घडवावा लागतो आणि दर खेपेला थोडे पोलाद निघून जाते. ब्रॉडगेजच्या अनेक इंजिनांचे नवे चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचे असते; ते १०१६ पर्यंत आले की बाद. नवे चाक एका फेऱ्यात सुमारे ३ मीटर ४३ सेंटिमीटर पुढे जाते, बाद व्हायला आलेले ३ मीटर १९ सेंटिमीटर. वेगमापकाला हा बदल कुणी सांगितलाच नाही, तर तो १०० दाखवत राहील आणि गाडी ९३ च्या वेगाने धावत असेल. म्हणून इंजिनाच्या वेगमापकात चाकाचा व्यास भरण्याची सोय असते आणि चाक घासले की तो आकडा बदलायचा असतो.

असल्या उपकरणांची मानके ठरवणारी संस्था लखनौतच आहे. मानकनगरमधली आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन, आरेखन व मानक संघटना. १९३० चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मध्ये लखनौत सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र १९५७ मध्ये एकत्र आले, त्यातून ती उभी राहिली. मराठी माणसाला लखनौ ठाऊक असते ते भातखंड्यांनी १९२६ मध्ये तिथे उभारलेल्या संगीत महाविद्यालयामुळे. वेगाच्या हिशेबाचेही हे शहर आहे, ते सहसा कानावर येत नाही.

रेल्वेला जे कळते ते हौशी मोटारवाल्याला मात्र पुष्कळदा उशिरा कळते. जुनी, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार हौसेने उभी करतात. रुंद टायर येतात, कुठूनतरी पाच गिअरचा गिअरबॉक्स येतो, मागचा क्राउन-पिनियनचा संच बदलतो. रंग, चामडे, क्रोमियम सगळे झळाळते. पहिल्या लांब फेरीला शेजारून जाणारी साधी मारुती वेगात असल्यासारखी वाटते, आपला काटा मात्र तिच्यापेक्षा वर उभा. किंवा उलट: काटा ९० वर आणि कॅमेऱ्याने टिपलेला वेग शंभराच्या पुढे. मग निष्कर्ष एकच निघतो, मीटर खराब आहे. मीटर काढतात, दुरुस्तीला देतात, पैसे मोजतात, परत बसवतात, आणि चूक होती तिथेच असते.

याचे कारण मीटरच्या पोटात आहे. जुन्या मोटारीचे मीटर वेग मोजतच नाही. ते एका केबलचे फेरे मोजते.

ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहान दातेरी चक्र असते, ते एक पीळदार तारेची केबल फिरवते. केबलचे दुसरे टोक डॅशबोर्डमागे मीटरमध्ये जाते आणि तिथे एक चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी असते, दोघांचा स्पर्श होत नाही. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरा-प्रवाह तयार होतात आणि वाटीही त्याच्या मागे ओढली जाते. पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे तिच्यावरचा काटा थांबतो. चुंबक जोरात फिरला की ओढ वाढते, काटा वर चढतो. बाहेरून वीज नाही, बॅटरी नाही. इतक्या साध्या साधनांत इतके अचूक काम करणारे यंत्र दुसरे सापडणे कठीण.

याच मीटरमध्ये एक दुसरे यंत्रही बसलेले असते, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही: किलोमीटर मोजणारी आकड्यांची चक्रे. ती चुंबकावर चालत नाहीत, थेट दात्यांवर चालतात. केबलने ठराविक फेरे घेतले की शेवटचा आकडा पुढे सरकतो. स्प्रिंग थकली, चुंबकाची ताकद घटली, वाटीवर धूळ बसली तरी या आकड्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. एकाच केबलवर दोन यंत्रे, एक नाजूक आणि एक निबर. चूक कुठे आहे हे शोधण्याची किल्ली इथेच आहे, आणि ती फुकट आहे.

लखनौकरांना त्यासाठी चांगला रस्ता मिळाला आहे. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गाचे उद्घाटन २०१६ च्या नोव्हेंबरात झाले. ३०२ किलोमीटर, सपाट, सरळ. इतका सरळ की त्याच्या एका टप्प्यावर हवाई दलाची लढाऊ विमाने उतरवण्यात आली. पूर्वेला गाझीपूरकडे जाणारा ३४१ किलोमीटरचा पूर्वांचल द्रुतगती मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातल्या वाचकाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा घाटाबाहेरचा भाग चालेल. पहाटेची मोकळी वेळ, शेजारच्या आसनावर दुसरा माणूस, त्याच्या हातात स्टॉपवॉच आणि कागद. चालवणाऱ्याने फक्त चालवायचे. काटा एका आकड्यावर स्थिर धरायचा आणि एका किलोमीटरच्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजायचे. ३६०० ला त्या सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो. ६० सेकंद म्हणजे ताशी ६०, ४५ सेकंद म्हणजे ८०, ४० म्हणजे ९०. मोबाइलमधल्या जीपीएसनेही काम भागते, फक्त वेग स्थिर हवा. वेग वाढत वा कमी होत असताना त्याचा आकडा थोडा मागे राहतो.

याबरोबर सलग दहा किलोमीटरांच्या खुणांमध्ये आपल्या मीटरची आकडेचक्रे किती पुढे गेली तेही टिपायचे. आता दोन नोंदी समोर ठेवा. दहा किलोमीटरला आकडे बरोबर दहाने सरकले आणि काटा मात्र चुकला, तर केबल आपले काम चोख करते आहे. दोष मीटरच्या आत, चुंबक-वाटी-स्प्रिंगमध्ये. काटा आणि आकडे दोन्ही एकाच प्रमाणात चुकले, तर मीटरला हात लावू नका. ते ठणठणीत आहे. त्याला मिळणारे फेरेच बदलले आहेत.

काट्याची चूकही नुसती मोजून भागत नाही, तिची चाल पाहावी लागते. खऱ्या ४० ला काटा ४४ दाखवतो आणि ८० ला ८८, तर ती प्रमाणातली चूक: टायर, दाते किंवा चुंबकाची ताकद. ४० ला ४५ आणि ८० ला ८५, म्हणजे सगळीकडे पाचच जास्त, तर कुणीतरी काटा उपटून चुकीच्या जागी बसवला आहे. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत हा प्रकार फार होतो. एका वेगाला काटा जुळवून दिला की गिऱ्हाईक खूश होते, पण प्रमाणातली चूक काटा सरकवून कधीच जात नाही. ती एका ठिकाणी झाकली जाते आणि दुसरीकडे उघडी पडते. आणि काटा थरथरत असेल, झटके देत असेल, तर बहुधा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी तिला फार आवळून वळवलेले असते. उत्तर प्रदेशचा उन्हाळा आणि धूळ यांत जुने ग्रीस चिकट डिंकासारखे होते. केबल बाहेर काढून, पुसून, पातळ थर देऊन पुन्हा सरकवायची. मात्र मीटरकडची शेवटची वीतभर लांबी कोरडी ठेवायची. नाहीतर वंगण वर चढून वाटीत जाते आणि चांगले मीटर बिघडते.

आता फेरे कसे बदलतात ते पाहू. त्यासाठी हेराल्ड हे भारतातले सगळ्यात जवळचे उदाहरण. ब्रिटनची ट्रायंफ हेराल्ड १९६१ पासून मद्रासजवळ स्टँडर्ड कंपनीत तयार होऊ लागली. त्याच हेराल्डच्या सांगाड्यावरून ट्रायंफने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार काढली, आणि शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींत भारतीय हेराल्डही फेरफार करून उतरवल्या गेल्या. त्यामुळे आपल्याकडे जुनी स्पोर्ट्‌स कार उभी करू पाहणाऱ्याच्या हाती पुष्कळदा हेराल्डचेच भाग येतात. या गाड्यांत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते. म्हणजे गिअरबॉक्सनंतर जे काही घडते, मागच्या ॲक्सलमधले दाते, चाक, टायर, त्याची मीटरला खबर नसते. कारखान्याने एकदा जे गृहीत धरले त्यावर ते विसंबून असते.

टायर घ्या. १५५/८० आर १३ या टायरचा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर. गाडी खाली आणि रुबाबदार दिसावी म्हणून १७५/६० आर १३ घातला, तर व्यास होतो ५४०. रिम तीच, तेरा इंची. पण दर फेऱ्याला गाडी जवळजवळ बारा सेंटिमीटर कमी पुढे जाते. काटा १०० वर असताना गाडी ९३ वर असते आणि दहा किलोमीटरच्या प्रवासाला आकडे १०.७ दाखवतात. रेल्वेच्या झिजलेल्या चाकाइतकाच फरक! मुंबईकरांच्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी मूळ १४ इंची चाकांची. तिला रुंद टायरांसाठी १३ इंची रिमा लावतात तेव्हाही हेच होते.

ही चूक निदान सुरक्षित बाजूची. दुसरी तशी नसते. हेराल्ड १२०० च्या मागच्या ॲक्सलचे प्रमाण ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून येणारा दांडा ४.११ फेरे घेतो. स्पिटफायर १५०० चे प्रमाण ३.६३. लांबच्या रस्त्यावर इंजिन शांत चालावे म्हणून हेराल्डला हे प्रमाण देण्याचा बदल लोकप्रिय आहे आणि तो उत्तमही आहे. पण आता दांड्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक १३ टक्के जास्त पळते. काटा १०० दाखवतो, गाडी ११३ वर असते. द्रुतगती मार्गावर शंभराची मर्यादा पाळतोय असे समजणाऱ्या माणसाला चलान येते, आणि त्याहून वाईट म्हणजे ब्रेक लावायला लागणारे अंतर त्याच्या अंदाजापेक्षा पाव पटीहून जास्त वाढलेले असते, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढते. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक डोळ्यांसमोर आणले की हा तपशील किरकोळ वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत, क्रमांक ३९ मध्ये, याच कारणासाठी एक एकतर्फी अट आहे. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर एका हद्दीपर्यंत चालेल, खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर. म्हणजे खऱ्या ८० ला काटा ९२ पर्यंत गेला तरी तो नियमात. नव्या गाडीचे मीटर मोबाइलपेक्षा चार-पाचने पुढे दिसते ते त्यामुळेच.

केबल कुठून निघते या बाबतीत लखनौचे स्वतःचे वाहन वेगळ्या घडणीचे होते. इटलीतल्या इनोसेंटी कंपनीने १९७१ मध्ये स्कूटर बनवणे थांबवले, आणि भारत सरकारने लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री व हक्क विकत घेतले. १९७२ मध्ये स्कूटर्स इंडिया लिमिटेड स्थापन झाली. कानपूर रस्त्यावर सरोजिनीनगरला कारखाना उभा राहिला आणि १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले. देशात ‘विजय सुपर’, परदेशात लॅम्ब्रेटा. तीनचाकी ‘विक्रम’ही इथलीच. दुचाकींचे उत्पादन १९९७ मध्ये संपले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण लखनौच्या ‘ग्रां प्री’ लॅम्ब्रेटा ब्रिटनमधल्या हौशी लोकांकडे आजही आहेत; त्यांची इंजिने वाढवलेली, सायलेन्सर बदललेले, साखळीची चक्रे बदललेली. एवढे करूनही मीटर मात्र खरे बोलते. कारण लॅम्ब्रेटाची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून निघते. मागे गिअरमध्ये काय उलथापालथ झाली याच्याशी तिला देणेघेणे नाही. पुढचे चाक जमिनीवर जितके फिरेल तितकेच ती मोजते. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीतही केबल पुढच्या डाव्या चाकातूनच येते. तिथे चूक होते ती फक्त टायर बदलल्यावर, किंवा डिस्क ब्रेकसाठी पुढचा हबच बदलून टाकल्यावर. मोजायची जागा रस्त्याच्या जितकी जवळ तितकी चुकीला वाट कमी, हे या दोन साध्या वाहनांनी फार चांगले जपले.

स्पोर्ट्‌स कारवाल्याला ही सोय नसते. त्याला मोजावे लागते. जुन्या ब्रिटिश मीटरांच्या तबकडीवर खाली अगदी बारीक अक्षरांत एक आकडा असतो, १००० किंवा १२८० असा. एका मैलाला केबलने इतके फेरे घेतले की हे मीटर बरोबर, असा त्याचा अर्थ. किलोमीटरमध्ये १००० चे होतात ६२१. जपानी मापाची मीटरे किलोमीटरला ६३७ फेऱ्यांवर बसवलेली असतात. लखनौच्या लालबाग किंवा लाटूश रोडच्या बाजारातून भोकात बसते म्हणून दुसऱ्याच गाडीचे मीटर आणून लावले, की टायर मूळचे असूनही चूक सुरू होते, ती यामुळे.

आपली गाडी प्रत्यक्षात किती फेरे देते हे घराच्या गल्लीतही कळते. केबल मीटरमधून सोडवायची, आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा छोटा बाण चिकटवायचा. गाडीत एरवी बसतात तेवढी माणसे बसवायची, टायरांत योग्य हवा भरायची, कारण भाराखाली टायर दबतो आणि कागदावरचा व्यास रस्त्यावर तेवढा राहत नाही. मग टेपने आखलेले २० मीटर अंतर गाडी गिअरविना सरळ ढकलायची आणि बाणाचे फेरे मोजायचे. त्याला ५० ने गुणले की किलोमीटरचे फेरे आले. समजा बाण ११ वेळा फिरला, तर ५५०. तबकडीला हवेत ६२१. मीटर ११ टक्क्यांहून जास्त कमी दाखवणार, हे गाडी रस्त्यावर न नेताच कळले. ब्रिटिश मीटर कंपन्या मागच्या चाकाच्या सहा फेऱ्यांवर हेच गणित करायला सांगत.

पुढचे उपाय तीन-चारच आहेत, आणि सगळ्यात आधी सगळ्यात स्वस्त तो पाहावा. गिअरबॉक्समधले केबल फिरवणारे चिमुकले चक्र वेगळ्या दात्यांचे मिळत असेल, तर तेवढे बदलून काम होते. मिळत नसेल, तर केबलच्या वाटेत काडेपेटीएवढी दातेरी डबी बसवतात. वरच्या उदाहरणात ६२१ भागिले ५५०, म्हणजे फेरे १.१३ पट करणारी डबी हवी. काटा आणि आकडे दोन्ही एकदम ताळ्यावर येतात, मीटर उघडावेही लागत नाही. तिसरा मार्ग मीटरच जुळवून घेण्याचा: जाणकार कारागीर चुंबकाची ताकद कमी करून वा वाढवून काटा सुधारतो, आतली चक्रे बदलून आकडेही. हे काम फार थोड्या हातांना येते आणि ते हात कमी होत आहेत. चौथा मार्ग नव्या जमान्याचा. उपग्रहावरून खरा वेग घेणारे छोटे यंत्र एक मोटर फिरवते, मोटर जुनी केबल फिरवते. तबकडी तीच, तिची डौलदार अक्षरे तीच, काट्याची थोडीशी थरथरही तीच. ज्या गाडीत गिअरबॉक्सच परका आहे आणि केबलला जागाच नाही, तिथे हा मार्ग खरोखर कामाचा. मूळ मीटर फेकून चकचकीत डिजिटल पडदा लावण्याची घाई मात्र कुणी करू नये. साठ वर्षांपूर्वीची ती वाटी आणि ती स्प्रिंग अजून पुष्कळ वर्षे चालणार असते.

मैलांच्या तबकडीची वेगळी गंमत आहे. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर देश दशमान पद्धतीवर आला, पण त्याआधीच्या एमजी, जग्वार गाड्यांचे काटे मैलच दाखवतात. काहीजण वरची तबकडी बदलून किलोमीटरची लावतात. काट्यापुरते ते जुळवता येते. आतली आकडेचक्रे मात्र मैलच मोजत राहतात आणि १०० किलोमीटरच्या प्रवासाला ६२ ची नोंद करतात. ज्याने मीटर उघडले त्याने आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा तारखेसह लिहून द्यावा. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात आकडे मागे फिरवण्याची फसवणूक ठाऊक असलेला खरेदीदार हीच चिठ्ठी मागतो.

कायद्याची बाजूही नजरेआड करण्यासारखी नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेली चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापरालाही नसते, ती प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीपुरतीच बाहेर निघते. इंजिन बदललेल्या स्पोर्ट्‌स कारला ही वाट बंद. तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा सामना करावा लागतो, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात नकार दिला आहे. टायर, केबलची डबी, मीटरची दुरुस्ती या गोष्टी करण्याआधी गाडीची कागदपत्रे कोणत्या वर्गात बसतात ते पाहून घेतलेले बरे.

डबी बसली, केबल जोडली, की पुन्हा पहाटे त्याच रस्त्यावर जायचे. यावेळी काटा ८० वर धरायचा आणि स्टॉपवॉच ४५ सेकंद दाखवते का ते पाहायचे. सेकंदभर जास्त लागला तर हरकत नाही, ती सुरक्षित बाजू. कमी लागला तर परतावे. मग दहा खुणा मोजायच्या, आकडेचक्रांची नोंद घ्यायची. घरी आल्यावर मीटरच्या पाठीला एक कागद चिकटवायचा: टायरचे माप, हवेचा दाब, ॲक्सलचे प्रमाण, २० मीटरला केबलचे फेरे, तारीख. रेल्वेच्या इंजिनात चाकाचा व्यास जिथे भरतात, तीच ही जागा. पुढच्या वेळी टायर बदलायला गाडी उभी राहील तेव्हा मिस्त्रीने आधी हा कागद वाचायचा आणि नव्या टायरवर गाडी पुन्हा २० मीटर ढकलायची.